सोनावणे ब्रदरांची कॉमेंट्री

सोनावणे ब्रदर मला आधी ऐकू आले, दिसले नंतर.

कल्याणच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून माझा तो पहिलाच दिवस. मी डोंबिवलीची, नुकतीच ट्रेनिंग संपवलेली. युनिफॉर्मची इस्त्री मोडू नये म्हणून जपून जिना चढत होते. हाडांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर पोचले आणि वरून आवाज आला, मैदानावरच्या भोंग्यातून यावा तसा.

"आणि चढाईला निघालेत टिटवाळ्याचे म्हात्रेकाका! समोर सात जणांचा तगडा बचाव! काकांनी मध्यरेषा ओलांडलीय, उजवा पाय पुढे... वा काका, वा! डावा आणा, डावा!"

मला वाटलं, वॉर्डात कुणी टीव्ही मोठा केलाय. आत जाऊन बघते तर खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेले एक म्हातारे वॉकर धरून थरथरत उभे. त्यांच्या मागे, कमरेला हलका हात लावून, एक बुटका, रुंद खांद्यांचा, टक्कल पडलेला माणूस. कॉमेंट्री तोच करत होता. आणि दोन्ही बाजूंच्या खाटांवरचे पेशंट, कुणाचा पाय वजनाला टांगलेला, कुणाचा हात गळ्यात, आपापले मोकळे हात पुढे करून काकांना 'पकडायला' बघत होते!

"मना नाय जमत रं," काका म्हणाले.

"जमतंय की! ती बघा निदान रेषा!" फरशीवर चिकटपट्टीचा एक लांब पट्टा लावला होता. "कबड्डीत निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत यायचं नाही, काका. आलात तर बाद."

म्हात्रेकाकांनी ऑपरेशन झाल्यापासून पाय जमिनीला टेकवला नव्हता. पडू या भीतीनं जीव अर्धा झालेला. पण आता अख्खा वॉर्ड बघत होता आणि बाद व्हायचं म्हणजे काय! त्यांनी दात आवळले, एक कचकचीत शिवी हासडली आणि वॉकर पट्ट्यापलीकडे टाकला.

वॉर्ड असा ओरडला की शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या.

ब्रदरांनी काकांना खुर्चीत बसवलं, कपाळाचा घाम पुसला, आणि मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "नवीन सिस्टर? नाव?"

"राणे."

"बरं झालं आलात. आमच्याकडे पंच नव्हता."

त्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षं मी त्या वॉर्डाची पंच होते. म्हणजे रेषा ओलांडली की नाही हे मी सांगायचं. ब्रदर ते फार गांभीर्यानं घ्यायचे. मी "टाच आतच आहे" म्हटलं तर पेशंटला पुन्हा पाऊल टाकायला लावायचे.

मिलिंद सोनावणे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. गुडघा गेला आणि खेळ सुटला. पण मैदान काही सुटेना, म्हणून माइक धरला. शहाड, आंबिवली, उल्हासनगर, कुठेही सामने असले की रविवारी कॉमेंट्रीला सोनावणे. आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत वॉर्डात सोनावणे. आवाज तोच!

नवे पेशंट त्यांना डॉक्टर म्हणायचे. ते लगेच सांगत, "ब्रदर म्हणा. डॉक्टर भेटून जातात, मी राहायला असतो." एखादा आगाऊ नातेवाईक विचारायचाच, पुरुष असून या लाइनीत कसे? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, आणि खरंही. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ते शाळेत होते. बहीण नव्हती. वडील कामावर. आईला आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं त्यांनीच केलं. "आई म्हणाली, मिल्या, तुझा हात लागला की बरं वाटतं. मग दुसरं काय करणार होतो मी?"

आणि हात होताच तसा. सुई टोचून काढून घ्यायचे आणि वर विचारायचे, "टोचू का?" पण 'दुखणार नाही' असं कुणालाही कधी सांगितलं नाही. जखम धुताना म्हणत, "आता कळ येईल हं. आली? मोठ्यानं ओरडा, बिनधास्त. झालं. गेली." माणसं त्यांच्यावर विश्वास ठेवायची, कारण कळ ते सांगत तेव्हाच यायची आणि ते सांगत तेव्हाच जायची.

मेलेल्या माणसाशीही ते बोलायचे. एका दुपारी एक आजोबा गेले. त्यांचं कुणी नव्हतं. आम्ही दोघं त्यांचं अंग पुसत होतो. ब्रदर हळू आवाजात सांगत होते, "आजोबा, आता कुशीवर वळवतो हं. पाणी कोमट आहे. झालं, झालं." मी नवखी होते, विचारलं, "त्यांना ऐकू येतं का?" ते म्हणाले, "मला येतं ना." आणि चादरीची कड सारखी करत राहिले.

शहाडला नदीच्या बाजूच्या एका जुन्या बिल्डिंगीत त्यांचं घर. बायको सुजाता, बालवाडीत शिकवायच्या. दोन मुली, प्रज्ञा आणि करुणा. एका रविवारी मला जेवायला बोलावलं. मी जरा लवकरच पोचले, तर जिन्यात मुलींची रांग! मला वाटलं, शिकवणी असेल. दारातून डोकावले. ब्रदर स्टुलावर बसलेले, समोर कुणाची तरी मुलगी पाटावर, आणि त्यांचे हात तिच्या केसांत. सोसायटीत कसलासा कार्यक्रम होता आणि सगळ्या मुलींना वेण्या हव्या होत्या त्या 'सोनावणेकाकांच्या हातच्या'.

"बँडेज बांधणारा हात आहे, सिस्टर," ते म्हणाले. "एकदा बांधलं की संध्याकाळपर्यंत सुटत नाही. काय गं, ओढलं का?"

"नाही काका."

"खोटं बोलू नको. ओढलं. आता नाही ओढणार. रिबीन दे."

त्या घरात एक गोष्ट मी पाहिली. हा माणूस कुणाचंही ऐकून घ्यायच्या आधी स्वतः तीन वाक्यं बोलून मोकळा व्हायचा. पण सुजाताताईंनी तोंड उघडलं की गप्प. त्या सावकाश बोलायच्या, मध्ये थांबायच्या, शब्द शोधायच्या. ब्रदर चमचा हातात तसाच धरून थांबायचे. ताईंचं वाक्य संपेपर्यंत घास तोंडात जायचा नाही.

सुजाताताईंनी मला पुराची हकीकत सांगितली, तीही अशीच सावकाश. ब्रदर शेजारी बसून नुसते चुळबुळत होते.

एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी शहाडच्या खालच्या वस्तीत शिरलं. ब्रदरांची त्या दिवशी सुट्टी होती. तळमजल्यावरची सगळी माणसं वर आली, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे बसली. ब्रदरांच्या घरात वर्षा आली, दिवस भरलेली. बरोबर तिची सासू यमुनाबाई. नवरा ठाण्याला कामावर अडकलेला. दुपारी वर्षाला कळा सुरू झाल्या. ब्रदरांनी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडून सांगितलं, गाडी पाण्याच्या पलीकडे थांबलीय, बोटीची सोय करतो, वेळ लागेल.

आतल्या खोलीत वर्षाला झोपवलं. ब्रदर हात धुऊन आले तर यमुनाबाई दारात उभ्या.

"बाप्याचं काय काम आत?"

"मावशी, मी नर्स आहे. हे माझं कामच आहे."

"असशील. माझ्या सुनेला बाप्या हात लावणार नाही."

बाकीचे लोक यमुनाबाईंना समजवायला लागले, आवाज चढले. ब्रदरांनी सगळ्यांना गप्प केलं. बाईंच्या डोळ्यांत त्यांना भीती दिसली होती, असं ते नंतर म्हणाले. आणि घाबरलेल्या माणसाशी भांडायचं नसतं. "बरं मावशी, मी नाही येत आत. इथेच उंबऱ्यावर बसतो, पाठ करून. सुजाता आत जाईल. चालेल?"

चाललं.

"मला नाही जमणार हो," सुजाताताई म्हणाल्या. 

"तुला दोनदा जमलंय. तेव्हा तर तू पलीकडच्या बाजूला होतीस, ते जास्त अवघड होतं. कोपरापर्यंत हात धू. साबण लाव. पुन्हा धू. आता आत जा आणि मला फक्त काय दिसतं ते सांगत राहा."

आणि मग तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला आणि बोलायला लागला. तेव्हा कॉमेंट्री नव्हती. आवाज इतका खाली आणलेला की सुजाताताईंना कान द्यावा लागत होता. वर्षाताई, आता जोर नको, नुसता श्वास सोडा. आता करा. सुजाता, काय दिसतंय? डोकं? ओढायचं नाही. हात खाली धर नुसता. आपलं आपण येईल ते. जिन्यातली माणसं, लहान पोरं, सगळी चिडीचूप. बाहेर पाण्याचा आवाज आणि आत हा आवाज.

बाळ आलं. सुजाताताईंच्या हातात आलं आणि हललं नाही.

"अहो, रडत नाहीये. अहो!"

ब्रदर उठले नाहीत. त्यांनी शब्द दिला होता. त्यांनी फक्त मान वळवून म्हटलं, "मावशी?"

यमुनाबाईच दारातून बाजूला झाल्या. "ये रं बाबा, लवकर ये."

पुढचं सुजाताताईंना नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की ब्रदर गुडघ्यावर बसले, टॉवेलनं बाळाला खसाखसा पुसलं, पाठ चोळली, मग वाकून त्या एवढ्याशा तोंडा-नाकावर आपलं तोंड ठेवून अगदी हलकी फुंकर घातली. पुन्हा घातली. बाळाच्या अंगात एक शिरशिरी गेली आणि ते जे रडलं! जिन्यात माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कुणीतरी थाळी बडवायला घेतली.

मग मात्र ब्रदर बाहेर आले, कठड्याला धरून उभे राहिले आणि वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "वर्षाताईंच्या संघाला एक गुण! मुलगी! वजनदार मुलगी!"

बोट आली तेव्हा नाळ तशीच ठेवून, बाळाला आईच्या छातीवर गुंडाळून, दोघींना नेलं. ब्रदर बरोबर गेले, बोटीत छत्री धरून उभे. यमुनाबाईंनी त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं ते हॉस्पिटल येईपर्यंत सोडलं नाही. आणि ब्रदर जन्मभर सगळ्यांना सांगत राहिले, "बाळंतपण सुजातानं केलं. मी तर भिंतीकडे बघत होतो."

आता एवढ्या बडबड्या माणसाला गप्प बसायला लावणारा एक पेशंट आला होता, तोही सांगते.

नितीन त्याचं नाव. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर काम करायचा. उजव्या हाताची चार बोटं गेली. घर कल्याणला म्हणून पुढच्या उपचाराला आमच्याकडे आला. तोंड भिंतीकडे करून पडून राहायचा. बायको डबा घेऊन यायची तर हात चादरीखाली घालायचा आणि म्हणायचा, "ठेव आणि जा." ब्रदर ड्रेसिंग करताना त्याच्याशी कबड्डी बोलायचे, मुलींचं बोलायचे, पावभाजीचं बोलायचे. उत्तर नाही. एक दिवस तो फाडकन म्हणाला, "ब्रदर, किती बोलता हो तुम्ही? मला नाही ऐकायचं. एकट्याला सोडा ना यार."

मला वाटलं, आता हे काहीतरी विनोद करतील. पण ब्रदरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "चुकलं. बोलत नाही. नुसता बसू का?"

नितीननं खांदे उडवले.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ब्रदर त्याच्या खाटेशी स्टूल घेऊन गप्प बसायला लागले. आम्ही लांबून बघायचो. सोनावणे आणि गप्प! ओठ हलायचे, पुन्हा मिटायचे. आम्हाला हसू यायचं आणि नंतर नंतर येईनासं झालं. एका सोमवारी नितीननंच भिंतीकडे तोंड ठेवून विचारलं, "काल फायनल होती ना? कोण जिंकलं?"

अहो, धरण फुटावं तसं झालं! पहिल्या चढाईपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळा सामना सांगितला. सुट्टी केव्हाच संपली होती. मी त्यांच्या पेशंटांची औषधं वाटून टाकली आणि लांबून ऐकत राहिले.

पुढच्या आठवड्यात ब्रदर नितीनला म्हणाले, "एक विचारू? उद्या ड्रेसिंग करताना वहिनींना बसू देशील? घरी गेल्यावर त्यांनाच करावं लागणार. तू नाही म्हणालास तर नाही." नितीननं पट्टीकडे बघितलं. मग मान हलवली.

बायको आली. ब्रदरांनी पट्टी सोडली. ते बरोबर अशा जागी उभे होते की तिला बघायचं नसेल तर त्यांच्या खांद्याआड राहता आलं असतं. ती खांद्याआडून पुढे आली. बघितलं. मग नितीनच्या मनगटाला हात लावून म्हणाली, "इथे दुखतं का?" तो म्हणाला, "तिथे नाही." "मग इथे?" "हां, जरासं." ब्रदर कापूस आणायला म्हणून बाहेर आले. कापूस आतच होता, ट्रेमध्ये.

नितीन घरी गेला, डाव्या हातानं लिहायला शिकला, आणि कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये घेतलं. रविवारच्या सामन्यांत गुणफलक त्याच्याकडे असायचा. ब्रदर चुकीचा स्कोअर बोलले की हा लांबून ओरडायचा, "ओ कॉमेंट्री, झोपला काय!"

चुकाही करायचे ब्रदर, आणि मोठ्या आवाजात करायचे. डोंबिवलीला शाळांचे सामने होते. अंतिम फेरीत करुणाची शाळा आणि माइकवर तिचे बाबा. आयोजकांनी बजावलं होतं, दोन्ही संघ सारखे. पहिला डाव ते सांभाळून बोलले. मग करुणा चढाईला गेली आणि झालं! "करुणा सोनावणे चढाईसाठी, उत्तम पदन्यास... माझीच मुलगी आहे ही... अगं डावीकडे, डावीकडे! कोपऱ्यातली येतेय मागून! अगं मागे बघ!"

करुणानं मागे बघितलं. तेवढ्यात समोरच्या दोघींनी तिचा पाय धरला. सामना एका गुणानं गेला. समोरच्या शाळेचे सर आणि करुणाच्या शाळेचे सर, दोघंही मिळून ब्रदरांवर ओरडले. माइक काढून घेतला तो वेगळाच.

घरी करुणा म्हणाली, "तुमच्यामुळे हरलो." ब्रदर सांगायला लागले की पकड आधीच लागली असती, तिचा कोन चुकला, वगैरे. सुजाताताईंनी स्वयंपाकघरातून फक्त म्हटलं, "अहो. माफी मागा तिची."

मागितली. करुणासमोर बसून, नीट मागितली. पुढच्या वर्षी तिच्या सामन्याला मी गेलेले. ब्रदर प्रेक्षकांत, तोंडात रुमालाचा बोळा कोंबून बसलेले! शेवटची शिट्टी होईपर्यंत काढला नाही. करुणा जिंकली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून नुसतं "उं, उं" येत होतं. शेवटी तिनंच येऊन रुमाल ओढून काढला.

ब्रदर निवृत्त झाले. प्रज्ञानं नर्सिंगलाच प्रवेश घेतला. त्याच वर्षी, हिवाळ्यात, एका सकाळी चहा पिता पिता ब्रदरांच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं. प्रज्ञा गाडीत त्यांच्या छातीवर दाब देत होती. शहाडच्या त्या घरात मी गेले तेव्हा जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, आणि एवढी माणसं असून मागून म्हणणारा आवाज फार बारीक आला.  त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला सांगायचं नाही.

मला सांगायचंय ते त्याच्या थोडं आधीचं, मी त्यांना शेवटचं पाहिलं ते.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी शहाडला माझ्या आत्याकडे गेलेले. सकाळी तिच्या बिल्डिंगीमागच्या मोकळ्या मैदानाच्या कडेनं चालले होते, तर समोरून एक नवीकोरी स्कूटर आली, नागमोडी. चालवत होत्या सुजाताताई! डोक्यावर हेल्मेट, दोन्ही कोपरं ताठ, नजर समोर रोखलेली. आणि मागे ब्रदर, त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून.

"राणे सिस्टर!" ते ओरडले. "अगं, सिस्टर आहेत! सुजाता, थांब!"

"कसं थांबू?"

"ब्रेक!"

"कुठला ब्रेक?"

स्कूटर माझ्यासमोरून तशीच पुढे गेली. ब्रदर मागे वळून, खिदळत ओरडले, "सिस्टर, थांबायचं अजून शिकवलंच नाही! फेरी मारून येतो!"

मैदानाला वळसा घालून ती दोघं पुन्हा आली. मी हात केला. ब्रदरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुजाताताई काहीतरी सांगायला लागल्या आणि ते गप्प झाले, ऐकायला लागले. गाडी पुढे गेली. मी वाट सोडून बांधावर जाऊन बसले. तिसऱ्यांदा आली तेव्हा सुजाताताईंची कोपरं सैल पडली होती. त्या मोठ्यानं हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. ब्रदरांनी त्यांच्या खांद्यांवरचे हात काढून घेतले, दोन्ही हात हवेत धरून मला दाखवले, बघा, मी धरलेलं नाही! सुजाताताईंनी माझ्याकडे न बघता लांबलचक हॉर्न दिला, आणि स्कूटर नदीच्या बाजूला वळली.